करुणा आणि तिचा जवळचा शत्रू : वर्णद्वेषाला भिडणाऱ्या अमेरिकन कादंबऱ्यांचे मूल्यमापन

अन्यायाचे चित्रण करणाऱ्या कादंबरीचा उपयोग काय, हा प्रश्न आपल्या चळवळीतील वाचक अनेकदा विचारतो, आणि तो विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. अमेरिकेतील गुलामगिरी कादंबरीने नष्ट केली नाही. यादवी युद्ध आणि १८६५ची तेरावी घटनादुरुस्ती यांनी ती नष्ट केली. शाळांतील वर्णभेद १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविला आणि मतदानाच्या हक्काला १९६५च्या कायद्याने संरक्षण मिळाले. या प्रत्येक टप्प्यामागे संघटना होती, तुरुंगवास होता, रक्त होते. असे असताना कल्पित पात्रांच्या कल्पित दुःखाला आपण अभिजात साहित्य म्हणून मान का द्यावा? वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात, पुस्तक मिटले जाते आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो होता तेथेच राहतो, असा हा आक्षेप आहे.

साहित्य मन विशाल करते, अशा गुळमुळीत विधानाने या आक्षेपाचे निराकरण होत नाही. उत्तर द्यावयाचे तर प्रथम कसोटी निश्चित केली पाहिजे. अशी एक काटेकोर कसोटी पालि परंपरेत उपलब्ध आहे. तिचा परिचय करून देऊन पाच अमेरिकन कादंबऱ्या तिच्यावर तपासून पाहाव्यात, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. कसोटी

आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात रचलेल्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या नवव्या परिच्छेदात मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा या चार ब्रह्मविहारांचे विवेचन आहे. तेथे प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक जवळचा आणि एक दूरचा. करुणेचा दूरचा शत्रू म्हणजे विहिंसा, क्रौर्य. तो ओळखण्यास कठीण नाही. जवळचा शत्रू म्हणजे 'गेहसित दोमनस्स', घरगुती आसक्तीतून उपजणारी खिन्नता. करुणा आणि खिन्नता या दोघींचीही दृष्टी विपत्तीवरच असते. म्हणून ही खिन्नता करुणेच्या वेशात सहज वावरू शकते. आचार्य पुढे असेही सांगतात की विहिंसेचे शमन होणे ही करुणेची संपत्ती, म्हणजे सफलता होय. आणि शोक उत्पन्न होणे ही तिची विपत्ती, म्हणजे विफलता होय.

या विधानाचा साहित्यविचाराच्या दृष्टीने अर्थ काय? वाचकाला रडू आले हे कलाकृतीच्या यशाचे प्रमाण मानले जाते. बुद्धघोषांच्या मते मात्र ते करुणा वाटेत अडल्याचे लक्षण असू शकते. विचारावयाचा प्रश्न असा की, हे पुस्तक वाचल्यानंतर वाचकातील आणि त्याच्या समाजातील क्रौर्य ओळखले गेले काय? त्याचे शमन होण्याची शक्यता निर्माण झाली काय?

येथे आंबेडकरी वाचकाला एक अडचण जाणवेल. दुःखाने ग्रासलेल्यांचा अनाथभाव पाहणे हे बुद्धघोषांनी करुणेचे निकटचे कारण मानले आहे. परंतु ज्याने स्वतःच्या मुक्तीचा लढा स्वतः उभारला, त्याने अनाथ म्हणून पाहिले जाणे का स्वीकारावे? या अडचणीचे निराकरण बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारात सापडते. १९५६ मध्ये बी.बी.सी.वरील भाषणात बौद्ध धम्म आपणास का प्रिय आहे हे सांगताना त्यांनी प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे एकत्र मांडली. करुणेच्या एका बाजूस प्रज्ञा आणि दुसऱ्या बाजूस समता नसेल तर करुणेची दया होते, आणि दया नेहमी वरून खाली वाहते.

पालि वाङ्मयातच याचे सुंदर उदाहरण आहे. थेरीगाथेतील पुण्णिका ही दासी होती. अट्ठकथेनुसार ती अनाथपिंडिकाच्या घरची दासीकन्या. मालकिणीच्या धाकाने आपण थंडीत पाणी भरत असू, हे ती मोजक्या शब्दांत सांगते आणि लगेच नदीत स्नान करून पापमुक्त होऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाशी वाद आरंभते. पाण्याने शुद्धी होत असती तर मासे, बेडूक आणि कासवे आधी स्वर्गाला गेली असती, असा तिचा युक्तिवाद. येथे दासीचे दुःख अश्रू मागत नाही. पाणी म्हणजे काय हे जिने थंडीत भोगले आहे, तिला पाण्याच्या पावित्र्यावर बोलण्याचा अधिकार मिळतो. दुःख येथे प्रमाण झाले आहे. अनाथांना अन्न देणाऱ्या थोर उपासकाच्या घरीही दासी होत्या, ही गोष्ट परंपरेने लपविली नाही, हेही लक्षात ठेवावे. ब्राह्मणावर विजय मिळविल्यानंतर त्याने पुण्णिकेला दास्यमुक्त केले, असे अट्ठकथा सांगते.

२. अश्रूंचे सामर्थ्य आणि मर्यादा

हॅरिएट बीचर स्टोव यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी १८५१-५२ मध्ये एका गुलामगिरीविरोधी साप्ताहिकातून क्रमशः आणि मार्च १८५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. तिच्या पाठीमागे १८५०चा फरारी गुलामांचा कायदा होता. या कायद्याने उत्तरेकडील मुक्त राज्यांतील नागरिकांनाही पळून आलेल्या गुलामांना पकडून देण्याच्या कामात गुंतविले. स्टोव यांनी या नागरिकांच्या स्वयंपाकघरात गुलाम आई आणि तिचे मूल आणून उभे केले. कायदा पाळावयाचा की दार उघडावयाचे, हा प्रश्न त्यांनी घरगुती केला. हे सामर्थ्य नाकारणे अन्यायाचे होईल. खुद्द टॉमवरही पुढील काळात अन्याय झाला. रंगभूमीवरील प्रयोगांनी त्याला लाचार म्हातारा बनविले. मूळ कादंबरीत मात्र पळून गेलेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा सांगण्यास तो नकार देतो आणि त्यासाठी मार खाऊन मरतो.

तरीही कसोटी लावताच कादंबरीची मर्यादा उघड होते. अखेरच्या प्रकरणात लेखिका वाचकाला सरळ संबोधून एकट्या माणसाने काय करावे हे सांगते. आपली भावना योग्य आहे ना, एवढे प्रत्येकाने पाहावे, हा तिचा पहिला उपदेश. मुक्त झालेल्या गुलामांना उत्तरेने आश्रय व शिक्षण द्यावे, असेही ती म्हणते; परंतु त्यांची अंतिम वाट आफ्रिकेतील लायबेरियाकडे जाते. बंडखोर, बुद्धिमान जॉर्ज हॅरिसची रवानगी लेखिका तेथेच करते. त्याच्यासाठी रडता येते, त्याच्या शेजारी समान नागरिक म्हणून राहण्याची कल्पना करता येत नाही.

१९४९ मध्ये जेम्स बॉल्डविन या तरुण कृष्णवर्णीय लेखकाने या कादंबरीवर एक प्रखर निबंध लिहिला. भावविवशतेचे प्रदर्शन हे भावनाशून्यतेचे लक्षण असून त्यामागे क्रौर्य दडलेले असते, असा त्याचा आशय होता. बॉल्डविन यांनी विसुद्धिमग्ग वाचला असण्याचे कारण नाही. परंतु करुणेच्या जवळच्या शत्रूच्या पाठीशी दूरचा शत्रू उभा असतो, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून ओळखले. दोन अत्यंत भिन्न परंपरांची ही एकवाक्यता आपल्या कसोटीला बळ देणारी आहे.

३. न्यायालयातील दया

हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) ही विसाव्या शतकातील बहुधा सर्वांत लोकप्रिय वर्णद्वेषविरोधी कादंबरी. १९६१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. अलाबामातील एका कल्पित गावात टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप येतो. ॲटिकस फिंच हा गोरा वकील त्याचा बचाव करतो. तरुणीच्या चेहऱ्यावरील मार उजव्या बाजूला आहे, तिचा बाप डावखुरा आहे आणि टॉमचा डावा हात लहानपणी सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून निकामी झालेला आहे. पुरावा इतका स्पष्ट असूनही गोरे पंच त्याला दोषी ठरवितात. पुढे तुरुंगातून पळण्याच्या प्रयत्नात तो गोळ्यांनी मारला जातो.

या कादंबरीवर होणारी टीका सर्वश्रुत आहे. कथा गोऱ्या मुलीच्या डोळ्यांनी दिसते, नायक गोरा उद्धारक आहे, टॉमला घर आहे पण अंतरंग नाही. काळे प्रेक्षक सज्जात बसतात आणि वकील बाहेर पडताना आदराने उभे राहतात. ही टीका योग्य आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गो सेट अ वॉचमन' या लेखिकेच्या आधीच्या लेखनात तर हाच ॲटिकस वर्णभेदाच्या समर्थकांच्या सभेत बसलेला दिसतो. तेव्हा अनेक वाचकांना धक्का बसला. ज्याने कायद्याची बाजू घेतली तो समतेची बाजू घेईलच असे नाही, हे आंबेडकरी वाचकाला नवीन नाही.

तथापि या कादंबरीत एक जागा अशी आहे की तिच्यामुळे तिचे स्थान टिकून राहते. तू त्या मुलीची कामे फुकट का करीत होतास, असे सरकारी वकील टॉमला विचारतो. मला तिची कीव आली, अशा अर्थाचे उत्तर टॉम देतो, आणि त्याच क्षणी खटला हरतो. बलात्काराच्या आरोपापेक्षाही हे उत्तर त्या न्यायालयाला असह्य होते. काळ्या माणसाने गोऱ्या स्त्रीबद्दल दया बाळगली! दयेचा प्रवाह वरून खाली वाहतो, हा त्या समाजाचा अलिखित नियम आहे आणि टॉमने तो उलटा फिरविला आहे. दया हीसुद्धा मालकी हक्काची वस्तू असते, हे सत्य कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते पाहण्यासाठी साक्षीदाराचा पिंजरा, एक साधे उत्तर आणि त्यानंतरची कुजबुज लागते. ते काम कादंबरीच करू शकते.

४. अश्रू नाकारणारी कादंबरी

रिचर्ड राइट यांचा कथासंग्रह 'अंकल टॉम्स चिल्ड्रन' १९३८ मध्ये आला. त्याचे स्वागत पाहून त्यांना आपली चूक जाणवली. श्रीमंतांच्या मुलींनी तो वाचावा, रडावे आणि समाधान पावावे, असे पुस्तक आपल्या हातून लिहिले गेले, असे त्यांनी पुढे नमूद केले. यानंतरचे पुस्तक इतके कठोर असेल की वाचकाला अश्रूंचा आधार मिळणार नाही, असा निश्चय करून त्यांनी 'नेटिव्ह सन' (१९४०) लिहिले. करुणेच्या जवळच्या शत्रूला इतके स्पष्टपणे ओळखून त्याच्याविरुद्ध रचलेली दुसरी कादंबरी मला ठाऊक नाही.

शिकागोच्या काळ्या वस्तीतील एका खोलीत बिगर टॉमस आई आणि भावंडांसह राहतो. खोलीत उंदीर आहेत. भाडे ज्या कंपनीला जाते तिची मालकी डाल्टन यांच्याकडे आहे. हेच डाल्टन काळ्यांच्या संस्थांना देणग्या देतात, त्यांच्या तरुणांसाठी टेबलटेनिसची टेबले पुरवितात आणि बिगरला मोटारचालकाची नोकरी देतात. काळ्यांना ठरावीक वस्तीतच घरे का देता, असे चौकशीत विचारले असता त्यांचे उत्तर असते की तशी रूढी आहे. श्रीमती डाल्टन अंध आहेत. राइट यांनी हे प्रतीक फार ठळक केले आहे, परंतु दान आणि भाडे एकाच खिशात कसे नांदतात हे दाखविताना त्यांची लेखणी अचूक आहे.

बिगरच्या हातून मेरी डाल्टनचा मृत्यू भीतीपोटी होतो. आपली प्रेयसी बेसी हिला मात्र तो जाणूनबुजून मारतो. मृत्यूच्या चौकशीत बेसीचे शव आणले जाते ते मेरीच्या खुनाचा पुरावा म्हणून. काळ्या स्त्रीच्या मृत्यूला स्वतःचे मूल्य नाही, ही गोष्ट खुद्द बिगरच्याही ध्यानात येते. हा प्रसंग भयंकर आहे आणि खरा आहे. परंतु समीक्षकाने पुढे जाऊन विचारले पाहिजे : जिवंत असताना तरी बेसीला या कादंबरीने कितीसे मन दिले? ती दमते, दारू पिते, घाबरते, मरते. ज्या आरोपासाठी लेखक न्यायालयाला दोषी ठरवितो, त्याचा काही अंश त्याच्या स्वतःच्या रचनेवरही येतो. अन्यायाविरुद्ध लिहिणारा पुरुष लेखक स्वतःच्या समाजातील स्त्रीपुढे कसा थांबतो, हे आपल्या साहित्याच्या संदर्भातही विचारण्याजोगे आहे.

५. न दिसणारा माणूस

राल्फ एलिसन यांची 'इनव्हिजिबल मॅन' (१९५२) ही या मालिकेतील सर्वांत प्रगल्भ कादंबरी होय. १९५३ मध्ये तिला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. तिच्या नायकाला नाव नाही. तो अदृश्य आहे, कारण पाहणाऱ्यांच्या आतील डोळ्यांनी त्याला न पाहण्याचे ठरविले आहे. बौद्ध परिभाषेत सांगावयाचे तर 'यथाभूत' दर्शनाचा अभाव हाच या कादंबरीचा विषय आहे. डोळ्यांसमोर रूप आहे, परंतु सञ्ञा आधीच ठरलेली आहे. त्यामुळे माणूस दिसत नाही.

आरंभीच्या एका प्रसंगात शहरातील प्रतिष्ठित गोरे या गुणी विद्यार्थ्याला भाषणासाठी बोलावतात. आधी त्याला इतर काळ्या मुलांबरोबर डोळ्यांवर पट्टी बांधून मारामारी करावयास लावतात आणि वीजप्रवाह सोडलेल्या गालिच्यावरून नाणी वेचावयास लावतात. तोंडात रक्त असताना तो भाषण करतो. 'सामाजिक जबाबदारी' म्हणण्याच्या ओघात त्याच्या तोंडून 'सामाजिक समता' हा शब्द निसटतो. सभागृह स्तब्ध होते. त्याला शब्द मागे घ्यावा लागतो आणि मग शिष्यवृत्ती मिळते. समता हा शब्द चुकून उच्चारला गेला तरी त्याची केवढी दहशत असते, हे या प्रसंगाइतके नेमके क्वचितच मांडले गेले असेल.

पुढे तो रंगाच्या कारखान्यात काम करतो. तेथे शुभ्र पांढऱ्या रंगाच्या प्रत्येक डब्यात काळ्या द्रवाचे दहा थेंब मिसळतात. त्याशिवाय ती शुभ्रता सिद्ध होत नाही. नंतर तो शोषितांच्या बाजूने लढणाऱ्या एका क्रांतिकारी संघटनेत जातो. तेथील नेत्याचा एक डोळा काचेचा निघतो. ज्यांच्यापाशी शास्त्र आहे, कार्यक्रम आहे, इतिहासाचे नियम आहेत, त्यांनाही हा माणूस दिसत नाही. त्यांना दिसतो तो वापरण्याजोगा समूह. विरोधकांच्या क्रौर्यापेक्षा मित्रांचे अंधत्व दाखविणे अधिक अवघड असते. एलिसन यांनी ते केले, म्हणून कादंबरीवर डाव्या वर्तुळातून टीका झाली. चळवळीत वावरणाऱ्या वाचकाने ही पाने टाळू नयेत.

६. शाई कोणाची

टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' (१९८७) या कादंबरीला १९८८चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९९३ मध्ये लेखिकेला नोबेल पारितोषिक मिळाले. कादंबरीचा आधार ऐतिहासिक आहे. १८५६ मध्ये केंटकीतून पळालेल्या मार्गारेट गार्नर या गुलाम स्त्रीने पकडले जाण्याच्या क्षणी आपल्या मुलीला ठार मारले. तिने पुन्हा गुलाम होऊ नये म्हणून.

कादंबरीतील सेथला तिच्या मालकाच्या जागी आलेला शिक्षक आपल्या पुतण्यांना धडा देताना ऐकू येतो. कागदाच्या एका बाजूला तिचे मानवी गुण आणि दुसऱ्या बाजूला पशूचे गुण लिहा, असे तो सांगतो. ज्या शाईने हे लिहिले जाते ती सेथनेच तयार केलेली असते. ज्ञानव्यवहार आणि दास्य यांचे नाते यापेक्षा कमी शब्दांत सांगणे अशक्य आहे. ज्यांच्या श्रमावर ग्रंथ उभे राहिले त्यांनाच ग्रंथांनी पशूंच्या रांगेत बसविले, हा इतिहास आपल्याला परका नाही.

मॉरिसन सेथला निर्दोष ठरवीत नाहीत आणि तिची निंदाही करीत नाहीत. तिच्या समाजालाही त्या सोडीत नाहीत. पाठलाग करणारे येत असताना शेजाऱ्यांनी, एका मेजवानीच्या मत्सरातून, तिला सूचना दिली नव्हती. आणि अखेरीस त्याच वस्तीतील तीस स्त्रिया तिच्या घरासमोर जमतात, तेव्हा तिची सुटका सुरू होते. तारणारा कोणी बाहेरून येत नाही. येथे करुणेला समतेची जोड मिळाली आहे, कारण पाहणारे आणि पाहिले जाणारे एकाच जमिनीवर उभे आहेत.

७. सीमेपलीकडे पाहण्याची रीत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील या ग्रंथांचे आपल्या वाचकाला मोल काय? मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात याचे मार्गदर्शन आहे. ब्राह्मणच श्रेष्ठ वर्ण, असे सांगणाऱ्या तरुण अस्सलायनाला तथागत विचारतात : योन, कंबोज आणि इतर सीमावर्ती देशांत मालक आणि दास असे दोनच वर्ण असतात आणि तेथे मालकाचा दास व दासाचा मालक होऊ शकतो, हे तू ऐकले आहेस काय? अस्सलायन होकार देतो, आणि तेथेच त्याच्या सिद्धान्ताचा पाया खचतो. दुसऱ्या देशातील व्यवस्था पाहिली की स्वतःची व्यवस्था नैसर्गिक राहत नाही. ती माणसाने केलेली, म्हणून माणसाने मोडता येणारी दिसू लागते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, तो याच रीतीने. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर केलेल्या निग्रोंच्या निवेदनाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. या तिन्ही उदाहरणांत दुसऱ्याच्या दुःखावर हळहळ नाही. तेथे तुलना आहे आणि तुलनेतून कृती आहे. तुलना करताना भेदही विसरता कामा नये. वर्ण डोळ्यांना दिसतो. जात आडनाव, गाव आणि वस्ती विचारून शोधली जाते. अमेरिकन गुलामाला विकत घेऊन घरात ठेवीत. आपल्याकडे अस्पृश्याला गावाबाहेर ठेवले. समानता शोधण्याच्या घाईत हे भेद पुसले तर दोन्ही दुःखे अस्पष्ट होतात.

आज अमेरिकेत या पुस्तकांवर दोन बाजूंनी दबाव आहे. २०२१ नंतर अनेक राज्यांत शालेय ग्रंथालयांतून पुस्तके काढण्याच्या मागण्या वाढल्या आणि मॉरिसन यांची 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) वारंवार त्यांचे लक्ष्य झाली. गोऱ्या मुलांना अस्वस्थ वाटू नये, असे एका गटाचे म्हणणे. दुसरीकडे, जुन्या कादंबऱ्यांतील अपमानास्पद शब्द वर्गात मोठ्याने वाचले जाताना काळ्या मुलांना होणारी वेदनाही खरी आहे. २०११ मध्ये मार्क ट्वेन यांच्या 'हकलबेरी फिन'ची असे शब्द बदललेली आवृत्ती निघाली. या दोन आक्षेपांना एकाच तराजूत घालणे योग्य नव्हे. पहिला आक्षेप क्रौर्य झाकू पाहतो, दुसरा त्याची पुनरावृत्ती टाळू पाहतो. तरीही शब्द पुसल्याने क्रौर्याचे शमन होत नाही. शमनासाठी ते आधी ओळखावे लागते आणि त्यासाठी जाणता शिक्षक लागतो.

अखेरचा मुद्दा आपल्या स्वतःच्या साहित्याचा आहे. 'बलुतं' (१९७८) आणि त्यानंतरच्या आत्मकथनांचे मराठीत मोठे स्वागत झाले. त्या स्वागतात किती करुणा होती आणि किती तिचा जवळचा शत्रू, हे आपण अजून पुरेसे तपासलेले नाही. लेखकानेही विचारावे की आपले पान पुण्णिकेप्रमाणे दुःखाचे प्रमाण करून वाद आरंभते, की वाचकाच्या रुमालाची वाट पाहते. विहारांतील अभ्यासमंडळांनी वर्षावासाच्या काळात धम्मग्रंथांच्या बरोबरीने यातील एखादी कादंबरी वाचावयास घ्यावी, आणि चर्चेच्या आरंभी कोणाला किती वाईट वाटले हे न विचारता, या पुस्तकात कोणाला कोण दिसत नाही, हा एकच प्रश्न मांडावा. त्या प्रश्नाचा शोध घेताना आपल्याच वस्तीतील, आपल्याच घरातील जो कोणी आपल्याला आजवर दिसला नव्हता तो दिसू लागला, तर कल्पित दुःखाचे मोल काय, या आक्षेपाला ते पुरेसे उत्तर होईल.